हिरडीवरची खडबडीत वाढ आणि ‘कॅन्सर नाही’ म्हणणारा रिपोर्ट

खालच्या जबड्यात, मागच्या दाढांच्या बाजूला, हिरडीवर पांढरट खरखरीत चट्टा येतो. दुखत नाही. जेवताना जिभेला लागतो, एवढंच. हळूहळू तो चामखिळीसारखा वर येतो, दातांभोवती पसरतो, कवळी असेल तर ती नीट बसेनाशी होते. डेंटिस्ट छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतात आणि रिपोर्ट येतो की कॅन्सरच्या पेशी आढळल्या नाहीत. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. पुढच्या वर्षी वाढ आणखी मोठी झालेली असते. पुन्हा तुकडा काढतात, पुन्हा तोच रिपोर्ट. मग कधीतरी कुणी मोठ्या रुग्णालयात पाठवतं आणि तिथे कळतं की हा कॅन्सरच आहे, आणि बहुधा बऱ्याच दिवसांपासून आहे.

अशा वेळी पहिल्या प्रयोगशाळेला दोष देऊन मोकळं होता येत नाही. तिथे पोचलेल्या तुकड्यात खरोखरच कॅन्सर दिसत नव्हता. तोंडाच्या कॅन्सरचा हा एक दुर्मीळ प्रकार आहे, नाव व्हेरुकस कार्सिनोमा, म्हणजे चामखिळीसारखा कॅन्सर. तोंडाच्या एकूण कॅन्सरमधला त्याचा वाटा वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण २ ते १२ टक्के सांगितला जातो. गालाची आतली बाजू आणि खालच्या जबड्याची हिरडी या त्याच्या नेहमीच्या जागा, आणि रुग्ण बहुतेक पन्नाशी-साठीच्या पुढचे. वेळेवर पूर्ण काढून टाकला तर तोंडाच्या कॅन्सरमध्ये सर्वांत चांगला निकाल देणाऱ्या प्रकारांपैकी हा एक. म्हणूनच तो वर्षानुवर्षं ‘साधी चामखीळ’ म्हणून तोंडात राहतो याचं मला फार वाईट वाटतं.

पेशी सरळ, सीमा वाकडी

तोंडाच्या आतल्या अस्तराचे ढोबळमानाने दोन भाग असतात. वर पेशींचे एकावर एक रचलेले थर, खाली रक्तवाहिन्या आणि तंतूंचा भाग, आणि दोन्हींच्या मध्ये एक अगदी पातळ पडदा. तोंडाचा नेहमी आढळणारा कॅन्सर, म्हणजे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा, हा पडदा फोडतो. त्याच्या पेशी बेढब झालेल्या असतात. त्या लहान लहान पुंजक्यांनी खाली घुसतात, लसिकावाहिन्यांत (लसिका नावाचा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांत) शिरतात आणि मानेतल्या गाठींपर्यंत जातात. शेतात हरळी जशी जमिनीखालून दोरे सोडत कुठल्या कुठे जाऊन उगवते, तशी त्याची चाल. व्हेरुकस कार्सिनोमा मात्र सुरणाच्या कंदासारखा एका जागी फुगत, आजूबाजूची माती रेटत वाढतो. त्याच्या पेशी जवळजवळ निरोगी दिसतात. मधला पडदा सहसा शाबूत असतो, फक्त तो जाड, गोल टोकांच्या गुबगुबीत फुगवट्यांनी खाली ढकलला गेलेला असतो. वरच्या बाजूला केरॅटिनचा, म्हणजे नखांत आणि तळपायाच्या जाड कातडीत असतं त्याच पदार्थाचा, थरावर थर साचतो. हिरडीवरची वाढ पांढरी आणि खडबडीत दिसते ती यामुळे.

निदानातली सगळी अडचण इथेच आहे. कॅन्सर ओळखताना पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारे डॉक्टर, एरवी पेशींचं रूप बघतात. त्यांची केंद्रकं मोठी झाली आहेत का, त्या वेड्यावाकड्या विभागताहेत का, असं. इथे पेशी साळसूद असतात. निदान होतं ते तळाच्या सीमेचा आकार बघून. तळ तुकड्यात आलाच नाही तर बघणार काय? वरवर खरवडलेल्या किंवा टोकाचा शेंडा कापून घेतलेल्या तुकड्यात नुसतं केरॅटिन आणि निरोगी दिसणाऱ्या पेशी असतात. मग रिपोर्टमध्ये ‘हायपरकेराटोसिस’ (केरॅटिनचा जाड थर), ‘पॅपिलोमा’ (साधी चामखीळ) किंवा ‘डिसप्लेसिया (पेशींचं रूप बिघडणं) दिसत नाही’ असं लिहून येतं, आणि आलेल्या तुकड्यापुरतं ते खरंही असतं.

यात आणखी एक गुंता आहे. १९८० मध्ये मर्व्हिन शिअर आणि जेन्स पिंडबोर्ग या दोन तज्ज्ञांनी ‘व्हेरुकस हायपरप्लेसिया’ नावाच्या वेगळ्या वाढीचं वर्णन केलं. वरून ती हुबेहूब अशीच दिसते. फरक एवढाच की ती शेजारच्या निरोगी अस्तराच्या पातळीच्या वरच राहते, तर कॅन्सर त्या पातळीच्या खाली उतरलेला असतो. हा फरक दिसायला तुकड्यात वाढीसोबत शेजारची निरोगी हिरडीही यावी लागते. म्हणून बायोप्सी वाढीच्या कडेवरून आणि पुरेशी खोल हवी. हिरडीवर हे सोपं नसतं. हिरडी हाडाला घट्ट चिकटलेली असते, तिची जाडी काही मिलिमीटरच असते, मध्ये दात येतात, आणि वरचं केरॅटिन कधी कधी इतकं जाड असतं की छोटा पंच (तुकडा काढायचं गोल पातं) त्यातच अडकून राहतो.

माझं ठाम मत आहे की, अशा वाढीच्या बाबतीत रिपोर्टच्या शेवटच्या ओळीइतकंच पहिल्या परिच्छेदाला महत्त्व द्यावं. तिथे तुकडा किती मिलिमीटरचा होता आणि त्यात अस्तराखालचा भाग आला होता का, हे लिहिलेलं असतं. डोळ्यांना दिसणारी वाढ आणि रिपोर्ट यांचा मेळ बसत नसेल तर बायोप्सी पुन्हा करावी लागते, आणि चांगले डॉक्टर ती न कंटाळता करतात. रुग्णाने पुन्हा करायला सांगितली तर त्यात कुणाचा अपमान नाही.

एवढं करूनही एक शक्यता उरते. मोठ्या व्हेरुकस वाढीच्या पोटात कुठेतरी नेहमीचा, आक्रमक स्क्वॅमस कॅन्सर दडलेला असू शकतो. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १०४ रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात २० जणांच्या गाठीत असं मिश्रण सापडलं होतं. त्यामुळे अखेरचा शब्द बायोप्सीचा नसतो. शस्त्रक्रियेत काढलेली अख्खी गाठ ठिकठिकाणी कापून तपासल्यानंतर जो रिपोर्ट येतो, पुढचं सगळं त्यावर ठरतं.

अध्यक्षांच्या तोंडातली गाठ

या आजाराचा सर्वांत प्रसिद्ध रुग्ण अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होता. १८९३ च्या जून महिन्यात ग्रोव्हर क्लीव्हलंड यांच्या टाळूवर डाव्या बाजूला, दाढांच्या जवळ, एक खडबडीत वाढ सापडली. ते सिगार भरपूर ओढायचे. देशात तेव्हा मोठं आर्थिक संकट चालू होतं, आणि अध्यक्षांना कॅन्सर झाल्याची बातमी फुटली तर बाजार कोसळेल या भीतीने सगळं लपवायचं ठरलं. १ जुलै १८९३ रोजी ‘ओनायडा’ नावाच्या खासगी नौकेवर, चालत्या बोटीत, डॉ. जोसेफ ब्रायंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वरच्या डाव्या जबड्याचा मोठा भाग तोंडातूनच काढला. चेहऱ्यावर छेद घेतला नाही, मिशी तशीच ठेवली. काही दिवसांनी उरलेला थोडा संशयास्पद भाग पुन्हा काढला. जबड्यातल्या पोकळीसाठी रबराचा एक तुकडा घडवून बसवला आणि अध्यक्षांचं बोलणं पूर्ववत झालं. त्याच ऑगस्टमध्ये एका वार्ताहराने बातमी छापली, तर लोकांनी त्यालाच खोटं ठरवलं. शस्त्रक्रियेत असलेल्या डॉ. विल्यम कीन यांनी खरी हकिगत जाहीर केली ती १९१७ मध्ये.

क्लीव्हलंड शस्त्रक्रियेनंतर १५ वर्षं जगले. १९०८ मध्ये ते गेले तेव्हा गाठ परत आलेली नव्हती. इतका मोठा जबड्याचा कॅन्सर एवढ्या वर्षांत परतला कसा नाही, हे कोडं डॉक्टरांना कितीतरी दशकं पडलेलं होतं. काढलेला भाग फिलाडेल्फियाच्या म्युटर संग्रहालयात जपून ठेवला होता. त्याची नव्याने तपासणी होऊन १९८० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला तो व्हेरुकस कार्सिनोमाचा. त्यांच्या हयातीत हे निदान होणं शक्यही नव्हतं. तंबाखू चघळणाऱ्यांच्या तोंडातल्या अशा चामखिळीसारख्या कॅन्सरची नोंद फ्रीडेल आणि रोझेनथाल यांनी ८ रुग्णांवरून केली ती १९४१ मध्ये, आणि सेंट लुइसचे पॅथॉलॉजिस्ट लॉरेन अॅकरमन यांनी त्याला स्वतंत्र आजार म्हणून मांडलं ते १९४८ मध्ये. जुन्या पुस्तकांत त्याला ‘अॅकरमनचा ट्यूमर’ असंही म्हणतात.

मशेरी आणि बार

पाश्चात्त्य देशांत तोंडाचा कॅन्सर जास्त करून जिभेला आणि जिभेखाली होतो. आपल्याकडे तो गाल, हिरडी आणि शेवटच्या दाढेमागचा कोपरा या पट्ट्यात जास्त दिसतो. त्याचं कारण सरळ आहे. तंबाखू-चुन्याचा बार जिथे धरून ठेवायचा, ती जागा हीच. विदर्भातला खर्रा, गुटखा, मावा, सगळे तिथेच मुरतात. नुसती सुपारीही सुरक्षित नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये सुपारीला, तंबाखू नसली तरी, माणसाला निश्चित कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत घातलं.

पण हिरडीचा विषय निघाला की मशेरीबद्दल बोलावंच लागतं, कारण ती मुद्दाम हिरडीवरच घासतात. तंबाखू तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, कुस्करून पूड करायची आणि बोटाने दातांना, हिरड्यांना लावायची. भाजण्याने तंबाखूतलं विष जात नाही, उलट जळण्यातून तयार होणारी कॅन्सरकारक रसायनं त्यात वाढतात. महाराष्ट्रात आणि गोव्यात ही सवय विशेषतः बायकांमध्ये आहे. सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, दात दुखायचे थांबतात, पहाटे कामाला लागायला तरतरी येते, अशा समजुतींवर ती आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे येते. गरोदरपणातही सुटत नाही. आणि ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ असं डॉक्टरांनी विचारलं तर मशेरी लावणारी बाई सरळ ‘नाही’ म्हणते. तिच्या लेखी ती खरंच खात नाही, दात घासते. डॉक्टरांनी, आशाताईंनी, डेंटिस्टनी मशेरीचं नाव घेऊन विचारायला हवं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ मध्ये बंदी आली, पण घरच्या चुलीवर भाजल्या जाणाऱ्या मशेरीपर्यंत अशी बंदी पोचत नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या दर चार प्रौढांमागे साधारण एक जण धूरविरहित तंबाखू वापरत होता.

आपल्याकडच्या या सवयींचा अभ्यास फार लवकर सुरू झाला होता, ही मात्र अभिमानाची गोष्ट आहे. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चमधल्या डॉ. फली मेहता यांच्या चमूने महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडूतांची तोंडं तपासून १९७२ मध्ये त्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर ज्यांचा उल्लेख आला ते डॅनिश तज्ज्ञ पिंडबोर्ग या कामातही सहभागी होते.

तंबाखूला कधी हात न लावलेल्यांनीही इथे थांबून वाचावं. ‘प्रोलिफरेटिव्ह व्हेरुकस ल्युकोप्लेकिया’ असा एक आजार १९८५ मध्ये वर्णिला गेला. तो बहुतांशी साठीच्या आसपासच्या स्त्रियांना होतो, अनेकींना कसलंही व्यसन नसतं, आणि हिरडी ही त्याची आवडती जागा आहे. एका जागी पांढरा चट्टा येतो, मग दुसरीकडे, मग तिसरीकडे. काढला तरी परत येतो, आणि बऱ्याच वर्षांच्या काळात साधारण निम्म्या किंवा त्याहून अधिक रुग्णांत त्याचा कॅन्सर होतो. एकाच तोंडात हिरडीवर अनेक ठिकाणी पांढरे चट्टे असतील, तर ‘व्यसन नाही ना, मग घाबरू नका’ असं सांगून घरी पाठवणं बरोबर नाही.

उपचार

पहिला आणि मुख्य उपचार शस्त्रक्रिया हाच. वाढीसोबत भोवतालची थोडी निरोगी हिरडीही काढतात. हिरडी आणि हाड यांच्यात स्नायू किंवा चरबी नसल्याने हाडाचा विचार करावाच लागतो, म्हणून आधी जबड्याचा पूर्ण एक्स-रे म्हणजे ओपीजी आणि बहुतेकदा सीटी स्कॅन होतो. हाडाला नुसता स्पर्श असेल तर जबड्याची फक्त वरची कड काढून खालची कड ठेवता येते, आणि चेहऱ्याचा आकार टिकतो. आजार हाडात खोल शिरला असेल तर जबड्याचा तुकडा काढून त्या जागी पायाच्या पोटरीतलं पातळ हाड रक्तवाहिन्यांसकट बसवतात. वरच्या जबड्यात काढावं लागलं तर नाक आणि तोंड यांच्यात पोकळी राहते. ती बुजवायला प्रोस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कृत्रिम दात-कवळ्या करणारे दंततज्ज्ञ, कवळीसारखा ऑब्च्युरेटर करून देतात, क्लीव्हलंड यांच्या रबरी तुकड्याचंच हे आजचं रूप. एक्स-रेत दाताच्या खोबणीचं हाड वरवर झिजलेलं दिसलं म्हणजे लगेच चौथी स्टेज, असं नाही. स्टेज ठरवण्याच्या नियमांत तेवढ्यावर हिरडीच्या कॅन्सरला चौथ्या स्टेजमध्ये टाकत नाहीत.

मानेतल्या गाठी सुजल्या असतील तर घरचे हवालदिल होतात. शुद्ध व्हेरुकस कार्सिनोमा मानेत क्वचितच पसरतो. त्याच्याभोवती सूज खूप असते आणि गाठी बहुधा त्यामुळे मोठ्या झालेल्या असतात. तरी डॉक्टर सुईने नमुना घेऊन खात्री करतात. तोंडातून काढलेल्या मूळ गाठीत स्क्वॅमस कॅन्सरचं मिश्रण निघालं तर मानेचा आणि पुढच्या रेडिएशनचा विचार नेहमीच्या कॅन्सरसारखाच होतो.

रेडिएशन दिलं तर व्हेरुकस कार्सिनोमा बिथरून जास्त आक्रमक होतो, असं जुन्या लेखांत वाचायला मिळतं. नंतरच्या परीक्षणांत ही भीती अतिरंजित असल्याचं दिसलं आहे. मात्र शस्त्रक्रियेइतकी खात्री रेडिएशनने मिळत नाही, म्हणून ऑपरेशन झेपणार नाही अशा रुग्णांसाठीच ते पुढे येतं. ‘गाठीला हात लावला की कॅन्सर पसरतो’ ही आपल्याकडची समजूत मात्र पूर्ण चुकीची आहे, आणि तिच्यापायी लोक बायोप्सी टाळून झाडपाल्याचे लेप लावत बसतात.

दाताबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगायची आहे. हिरडीच्या कॅन्सरमध्ये दात हलायला लागतो, आणि माणूस तो उपटून घ्यायला जातो. हिरडीवर विचित्र वाढ असेल आणि शेजारचा दात हलत असेल, तर आधी तपासणी, मग दात. उपटलेल्या दाताची खोबण हाडाकडे जाणारी उघडी वाट होते. आणि दात काढल्यावर जखम दोन-तीन आठवड्यांत भरत नसेल, तिथून मांसासारखं काही वर येत असेल, तर अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स घेण्यापेक्षा बायोप्सी करून घ्यावी.

नुसतं बघून घ्यायचं तर उजेडात आरशासमोर उभं राहावं, कवळी काढावी, ओठ आणि गाल बोटाने दूर ओढून दोन्ही जबड्यांच्या हिरड्या आतून-बाहेरून पाहाव्यात. तंबाखू जिथे धरली जाते ती बाजू जरा जास्त वेळ बघावी. पांढरा, लाल किंवा खडबडीत भाग तीन आठवड्यांत गेला नाही तर दुखत नसला तरी दाखवावा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांत तोंडाच्या आजारांचा वेगळा विभाग असतो. मुंबईत परळच्या टाटा मेमोरियलला जाणार असाल तर आधीच्या बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणात बसवलेला ब्लॉक मागून सोबत न्यावा. नुसत्या कागदी रिपोर्टवरून तिथले पॅथॉलॉजिस्ट स्वतःचं मत देऊ शकत नाहीत, आणि ब्लॉक हातात असला तर पुष्कळदा दुसऱ्यांदा तुकडा काढावा लागत नाही. खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या शस्त्रक्रिया येतात. रुग्णालय योजनेत आहे का आणि कोणती कागदपत्रं लागतील, हे दाखल होण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारून घ्यावं.

ऑपरेशननंतर हा आजार परत आला तर बहुधा त्याच जागी किंवा तोंडातच दुसरीकडे येतो, कारण तंबाखूने नुसती एक जागा नाही तर तोंडाचं सगळं अस्तर बिघडवलेलं असतं. म्हणून पहिल्या वर्षी दर एक ते तीन महिन्यांनी आणि पुढे हळूहळू अंतर वाढवत निदान पाच वर्षं तपासणी होते. मशेरी किंवा बार सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात. तपासणीला जाताना कवळी किंवा ऑब्च्युरेटर बसवलेला असेल तर तो खुर्चीत बसल्यावर काढून द्यावा, कारण त्याखालची हिरडी बघितल्याशिवाय ती तपासणी पूर्ण होत नाही.